ठकूची भांडी

आई : अहो, आधी तो नळ बंद करा आणि हे बघा. डब्यात पाणी घातलं, तर सगळं माझ्या पायावर.

बाबा : केला बंद.

आई : तळाला भोकं आहेत याच्या. एखादं असतं तर गंज लागला म्हटलं असतं. ही तर ओळीने आहेत, मोजूनमापून. ठकूच्या लग्नात दिलेला डबा हा. विहीणबाईंनी असा करून परत पाठवला की काय?

बाबा : त्यांनी नाही. मी पाडली.

आई : काय पाडली?

बाबा : भोकं. दाण्यांत पाणी साचलं की बुरशी धरते. तळ मोकळा असला की निथळून जातं.

आई : पाखरांसाठी?

बाबा : हं.

आई : पलंगाखालून खोका ओढला तेव्हाच मला हलका लागला होता. म्हटलं, भास असेल. किटली कुठेय यातली?

बाबा : गॅलरीत.

आई : गॅलरीत तुमच्या पाखरांच्या बाटल्या आहेत.

बाबा : बाटल्यांच्या मागे बघ. झाकण काढून आडवी बांधलीय. चिमण्या आत शिरून खातात. वारा लागत नाही त्यांना.

आई : आणि चाळण?

बाबा : ती साखळीवर टांगली. तिला भोकं पाडावी लागली नाहीत.

आई : विनोद करू नका. मला आत्ता हसू येणार नाही. तो लांब दांड्याचा डाव दिला होता, तो?

बाबा : प्लॅस्टिकच्या बरणीतून आरपार घातला. दाणे आपोआप डावात घरंगळतात आणि दांड्यावर बसून खाता येतं. चांगलं जमलंय ते. बघ तर एकदा.

आई : बघते हं, कौतुकाने बघते. अहो, तुम्ही कामावरून सुटलात तेव्हा मीच म्हटलं होतं, यांच्या हाताला काहीतरी चाळा हवा. जन्मभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या, असा माणूस एकदम रिकामा बसला तर वेडा होईल. तुम्ही तेलाचे डबे कापलेत, फुटके कप बशांवर चिकटवलेत, माझी जुनी इस्त्री मोडून तिची तार काढलीत. मी ब्र काढला नाही. खालचा वॉचमन म्हणाला, काकांचं हॉटेल जोरात चाललंय, तेही हसून घेतलं. पण ते सगळं टाकाऊ होतं. हे टाकाऊ आहे?

बाबा : मला नाही वाटत हे आता कुणी वापरावं.

आई : तुम्हाला वाटून काय होणार? उद्या सकाळी माझा दादा जावयांना घेऊन येतोय. तुम्हाला माहीत होतं.

बाबा : म्हणून तर.

आई : म्हणून तर काय?

बाबा : तू दादाशी फोनवर बोलत होतीस तेव्हा मी इथेच स्टुलावर बसलो होतो. तू म्हणालीस, विहीणबाईंचं म्हणणं आहे, मुलीला भांड्यांसकट पाठवा. जशी गेली तशी यावी, म्हणजे लोकांत बोलायला जागा नको.

आई : म्हणाल्या तसं. त्यांचा स्वभाव आहे.

बाबा : मग भांडी पाठवण्याजोगी नकोत.

आई : म्हणजे मुद्दाम केलंत हे.

बाबा : आधी नुसता डबा घेतला. पत्रा जाड आहे त्याचा, टिकला असता. मग ड्रिल हातात होतंच. पातेली झाली, ताटं झाली. कुकर तेवढा राहिला. त्याला पाडवेना.

आई : लहान मूल खेळणं लपवतं, तसं झालं हे. डब्याला भोक आहे म्हणून जावई मागच्या मागे फिरतील? ते म्हणतील, भांडी राहू द्या, पोरीला चल म्हणा. आणि विहीणबाई तिला आयुष्यभर ऐकवतील, की तुझ्या बापाने आमच्यावरच्या रागाने भांडी फोडली. ते कोण सोसणार? तुम्ही?

बाबा : तिने जाऊच नये.

आई : मग हे दादाला तोंड उघडून सांगायचं होतंत. त्याने त्यांच्याकडे किती खेपा घातल्या. आधी तर जावई त्याला दारातही उभे करत नव्हते. आता कुठे म्हणाले, झालं गेलं विसरू, पण तिने दुकानातलं काम सोडावं आणि घर बघावं. दादाने हो म्हटलं.

बाबा : दादाने.

आई : मीही म्हटलं. काय करू? आपण किती पुरणार तिला? आणि असं काय केलंय हो त्यांनी? हात उचलला नाही. व्यसन नाही. बाहेर कुठे भानगड नाही. ही एका संध्याकाळी दुकानातून सुटली ती तिकडे जायच्या ऐवजी इकडे आली, खांद्याला पर्स अडकवून. काय झालं म्हटलं, तर काही नाही. मागून टेम्पोतून हे खोके आले, बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. तरी हिचं आपलं, काही नाही. काही नाही म्हणून कुणी संसार सोडतं?

बाबा : सांगेल तेव्हा सांगेल.

आई : तसं मलाही काही झालं नव्हतंच. ठकू पोटात होती तेव्हा मी माहेरी निघून गेले होते, आठवतं? तुम्ही बोलणं टाकलं होतं माझ्याशी. भांडण नाही, शिवी नाही, नुसतं बोलणं बंद. का, ते मला आजवर कळलेलं नाही. मी त्याच खोलीत उभी असायचे आणि तुम्ही तुमच्या आईला सांगायचात, तिला म्हणावं, डबा भर. मी माझ्या वडिलांना म्हटलं, मला तिथे वेड लागेल. ते म्हणाले, मारत तर नाही ना? आणि पायात चपला अडकवून मला सोडायला आले. तुमच्यासमोर बसले, पाणी प्यायले, या वर्षी उकाडा फार म्हणाले आणि गेले. माझ्या भांड्यांना कुणी भोकं पाडली नाहीत.

बाबा : त्या वेळी मी…

आई : राहू द्या. आता ऐकून काय करू? तेव्हा ऐकलं असतं तर उपयोग होता. मी एवढंच म्हणतेय की मी राहिले. राहिले म्हणून हे घर उभं आहे, ठकू आहे आणि पाखरांना टांगायला तुम्हाला गॅलरी आहे.

बाबा : म्हणूनच वाटतं, तिने तसं राहू नये.

आई : तसं म्हणजे कसं?

बाबा : दार वाजतंय.

(ठकू कामावरून येते. चपला न काढताच दारात थांबते.)

ठकू : जिन्यापर्यंत आवाज येतोय. तुझाच, आई. बाबांचा कधी येत नाही.

आई : आज लवकर कशी?

ठकू : दुकानातली वीज गेली. अंधारात कुणाचे डोळे तपासणार आणि कुणाला चष्मे दाखवणार? मालक म्हणाले, जा घरी. माझे खोके कशाला बाहेर काढलेत?

आई : म्हटलं, भांडी जरा घासून ठेवावीत.

ठकू : का?

आई : उद्या मामा येतोय.

ठकू : मामा येतोय म्हणून माझी भांडी घासायची?

आई : जावईही येतायत त्याच्याबरोबर. न्यायला. मी तुला आज जेवताना सांगणारच होते.

ठकू : आज जेवताना सांगायचं आणि उद्या सकाळी जायचं.

आई : आधी सांगितलं असतं तर तू थांबली असतीस का घरी?

ठकू : नसते थांबले. बरोबर आहे तुझं. आणि हा डबा असा का झालाय?

बाबा : ते मी केलंय. तुला तिकडे नेता येऊ नये म्हणून.

ठकू : मला की डब्याला?

बाबा : दोघांनाही.

ठकू : अशी अजून किती झालीत?

बाबा : पातेली सगळी. किटली. ताटांना फक्त कडेला भोक आहे, तार ओवण्यापुरतं.

ठकू : ताटंसुद्धा.

बाबा : मला वाटलं, तुला बरं वाटेल.

ठकू : बाबा, मी खोली बघितलीय.

आई : कसली खोली?

ठकू : राहायला. आमच्या दुकानात डोळे तपासायला एक बाई आहेत ना, त्यांची. त्या गावी चालल्यात कायमच्या. रविवारी त्या निघतील आणि मी जाईन, असं ठरलं होतं. हे खोके न्यायला टेम्पोही सांगितलाय. भाडं परवडतंय, आणि भांडीकुंडी घरची आहेत, म्हणून मी निर्धास्त होते. पलंगाखाली माझं सगळं नीट आहे, असं वाटत होतं मला. रोज त्याच्यावर तर झोपत होते.

बाबा : बोलली नाहीस कधी.

ठकू : कुणाशी बोलू? आई विचारते ते असं, की तुझं नेमकं काय चुकलं गं? तुम्ही तर विचारतच नाही. तुम्हाला वाटलं, मी जाऊ नये. हिला वाटलं, जावं. हिने भांडी घासायला काढली, तुम्ही भोकं पाडलीत. भांडी माझी आहेत, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आई : एकटी राहणार तू? आणि आम्ही लोकांना काय सांगायचं? ठकू, एकदा, फक्त एकदा मला सांग, त्या घरात झालं तरी काय? मी दादाला सांगितलं, विहीणबाईंना सांगितलं, की आमची मुलगी तापट आहे, चुकली असेल. मला माहीतच नाही तर मी दुसरं काय सांगणार?

ठकू : माझ्या वतीने माफी मागून झाली म्हणजे.

आई : मागितली. सांग तरी.

ठकू : कपाटाला कुलूप होतं.

आई : कुठल्या कपाटाला?

ठकू : सासूबाईंच्या खोलीतल्या. हेच डबे होते त्यात. तू पुसून, चिठ्ठ्या चिकटवून दिलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळे उचलून आत नेले. म्हणाल्या, स्वयंपाकघरात उंदीर फार. किल्ली कमरेला. सकाळी त्या काढून देतील तेवढंच शिजवायचं. मी दुकानातून घरी पोचायचे तेव्हा त्यांची जेवणं झालेली असायची, पातेली घासून पालथी घातलेली. पहिल्यांदा वाटलं, विसरल्या असतील. दुसऱ्यांदाही तसंच वाटून घेतलं. मग ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, आईशी वाद नको, तू येताना बाहेर खाऊन येत जा. मग मी दुपारच्या डब्यातलं अर्धं संध्याकाळसाठी ठेवायला लागले. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण डबा भरायलाही कमी निघायला लागलं.

आई : म्हणजे तू तिथे उपाशी होतीस?

ठकू : तसंही नाही ना. उपाशी असते तर सांगता तरी आलं असतं. चहाची पूड मागावी लागते, हे कुणाला सांगू? ऐकणारा म्हणेल, मग मागायची. मी मागायचे. त्या नाही कधीच म्हणाल्या नाहीत. फक्त किल्ली शोधायला वेळ लावायच्या. किल्ली कमरेलाच असायची, आणि त्या उशीखाली बघायच्या, फळीवर बघायच्या, खिडकीत बघायच्या. मी दारात उभी. हे पेपर वाचत बसलेले.

आई : मला का नाही सांगितलंस?

ठकू : सांगितलं होतं. दिवाळी… नाही, दिवस आठवत नाही, पण मी फोन केला होता. म्हटलं, इथे जेवायचं जरा अवघड आहे. तू म्हणालीस, नव्या घरची चव लागायला वेळ लागतोच.

आई : मला वाटलं, चवीचंच म्हणतेयस.

बाबा : मी एकदा आलो होतो तिकडे.

ठकू : हो.

आई : तुम्ही कधी गेला होतात?

बाबा : त्या भागातल्या एका इमारतीची लिफ्ट अडकली होती. काम उरकल्यावर सहज डोकावलो. घरात ही एकटीच होती. हिने पाणी दिलं. मी बराच वेळ बसलो. चहा काही विचारला नाही हिने.

ठकू : सासूबाई बाहेर गेल्या होत्या. किल्ली त्यांच्याजवळ.

आई : आठवलं मला. घरी येऊन तुम्ही म्हणालात, पोरीला सासरची हवा लागली, बापाला चहासुद्धा विचारत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस फोन घेतला नाहीत तिचा. तिने केला की मला हाताने खूण करायचात, की मी घरी नाही म्हण.

बाबा : मला कसं कळणार?

ठकू : मला वाटलं, कळलं. तुम्ही आत स्वयंपाकघरात आलात हात धुवायला. तिथे नुसत्या फळ्या होत्या, रिकाम्या. एक मिठाची बरणी आणि काही नाही. तुम्ही बराच वेळ फळ्यांकडे बघत राहिलात. मी म्हटलं, बाबांच्या नजरेतून काही सुटत नाही, आता काहीतरी विचारतील. मी तयार होते. त्या दिवशी विचारलं असतंत तर तशीच तुमच्याबरोबर निघाले असते. तुम्ही म्हणालात, फळी तिरकी बसवलीय.

बाबा : तिरकी होती ती.

ठकू : होती.

आई : ठकू, बस ना जरा. चपला काढ. मी दादाला फोन करते, उद्या येऊ नको म्हणून सांगते.

ठकू : कारण काय सांगशील?

आई : तब्येत बरी नाही म्हणेन.

ठकू : कुणाची?

आई : माझी म्हणेन. तुझी म्हटली तर ते बघायला येतील.

ठकू : आणि पुढच्या आठवड्यात तुझी तब्येत बरी होईल.

आई : मग फोनवर काय सांगू? कपाटाला कुलूप होतं, असं? तूच म्हणालीस ना, सांगण्यासारखं नाही म्हणून? दादा म्हणेल, एवढ्यासाठी? मी काय उत्तर देऊ त्याला?

ठकू : काही नको देऊस. मामाला मी कळवीन. आणि मी रविवारपर्यंत थांबत नाही आता. उद्या सकाळी हे इथे दारात आले, की तू त्यांना आत बसवणार, बाबा गॅलरीत जाणार आणि मला बोलावं लागणार. त्या बाई अजून खोलीवर आहेत. चार दिवस दोघी राहू. कपडे भरते.

बाबा : ठकू, मी भोकं बुजवून देतो. डाख देता येतो त्याला. पाणी टिकेल, गॅसवरही चालेल. दोन दिवसांत सगळी करून देतो.

ठकू : नको.

बाबा : नवी आणून देतो मग.

ठकू : नको, बाबा. मला ही होती तशी चालली असती. आता नवी आणलीत तर ती तुमची होतील. कुकर नेते. वाट्या आहेत ना शाबूत? त्या नेते. त्या बाईंचा तवा आहे, तो ठेवून जाणार आहेत त्या.

आई : अंगावर काही घेऊन जा, गार झालंय बाहेर. उद्या आवडीचं काही करून आणू का तिकडे?

ठकू : काय आवडतं मला?

आई : असं काय विचारतेस? लहानपणी तुला दूधभात आवडायचा.

ठकू : लहानपणी, हो.

बाबा : मी खाली येतो कुकर घेऊन. रिक्षा मिळेपर्यंत थांबतो.

ठकू : एवढा जड नाही. राहू द्या. त्या गॅलरीतल्या वस्तू मात्र काढू नका माझ्यामुळे. उद्या काढाल आणि परत खोक्यात भरून ठेवाल, मला माहीत आहे. पाखरांचा त्यात काही दोष नाही. येते.

(ठकू बॅग आणि कुकर घेऊन निघून जाते.)

आई : येते म्हणाली. पण मागे वळून बघितलं नाही.

बाबा : हात भरलेले होते तिचे.

आई : अडवायचं होतंत.

बाबा : तू का नाही अडवलंस?

आई : कशासाठी अडवू? तिकडे पाठवायला? आणि तुम्ही? तुमचं तर तिने जाऊ नये असंच होतं ना? मग आता का गप्प राहिलात? तेवढ्या वेळात तिची बॅग भरून झाली. तुम्ही त्या डब्याची भोकं पुसत बसलात फडक्याने.

बाबा : ती चिडली होती.

आई : चिडली असती तर बरं होतं. अगदी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलत होती. काय हवं, काय नको, हे राहू द्या, ते नेते.

बाबा : मी उद्या जाऊन येतो तिकडे. खोलीचं दार, कडी, खिडक्या एकदा बघून येतो. जुन्या इमारतीत कड्या ढिल्या असतात.

आई : हो, बघून या. फळ्याही बघा.

बाबा : तू येतेस?

आई : दादाला आधी फोन लावू दे. तो पहिलं हेच म्हणेल, पत्ता दे, मी जाऊन समजावतो. नाही देणार मी त्याला. पण आपल्याला तर हवा. कुठे आहे म्हणाली खोली?

बाबा : दुकानाच्या जवळपास असेल.

आई : असेल म्हणजे? गल्ली कुठली? कितव्या मजल्यावर?

बाबा : ते नाही विचारलं.

आई : मीही नाही.